लॅपटॉप घेताना आधी रॅमची ओळ वाचा
दोन-तीन मॉडेल समोर ठेवली की सगळे प्रोसेसर बघतात, तुम्ही आधी स्पेक शीटमध्ये रॅम बघा. एलपीडीडीआर५एक्स (रॅमचा एक प्रकार) लिहिलं असेल तर ती बहुतेक मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढत नाही, आणि इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही सिरीजमध्ये तर ती प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच आहे, १६ किंवा ३२ जीबी, बस, म्हणून जमलं तर बजेट ताणून घेतानाच ३२ घ्या. सोडिम स्लॉट, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या रॅमची खाच, असेल तर आत्ता १६ वर भागवा, पुढे वाढवा. एसएसडीचं, म्हणजे फाइल्स साठवायच्या ड्राइव्हचं, एवढं टेन्शन नको, तिच्यासाठीचा एम.२ स्लॉट असला की बदलता येते. मला खरी आशा एलपीकॅम२ या नव्या प्रकारच्या रॅम मॉड्यूलची आहे, फास्ट रॅम आणि तरी स्क्रू काढून बदलता येते, २०२४ मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड पी१ जेन ७ लॅपटॉपमध्ये आलीये, आता स्वस्त मॉडेल्समध्ये पण यायलाच हवी राव!