रक्ताचं नाव काढताच भोवळ येते? या चुका टाळा

पारावर गोष्ट निघते: थ्रेशरमध्ये कुणाचा तरी हात गेला. ऐकता ऐकता एक धडधाकट माणूस पांढराफटक पडतो, घामानं भिजतो आणि कोसळतो. समोर रक्त नाही, सुई नाही, नुसते शब्द. लगेच कोणी म्हणतं बाहेरचं लागलं, कोणी म्हणतं नाटक करतो.

दोन्ही चूक. रक्त, जखम, इंजेक्शन यांच्या नुसत्या विचारानंही काहींची नाडी आधी वाढते आणि मग वेगस नावाच्या मज्जातंतूमुळे एकदम मंदावते. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब घसरतो, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. ही खोड बरेचदा घराण्यात असते. बापाला असली तर पोरालाही दिसते. यात भित्रेपणा नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे पडलेल्याला धरून उभं करणं किंवा खुर्चीत बसवणं. डोकं वर राहिलं की मेंदूकडे रक्त पोचायला वेळ लागतो. त्याला जमिनीवर उताणं निजवा, पाय हातभर उंच करा, गर्दी हटवा. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. हातपाय दोन-चार सेकंद झटकले, तर तेवढ्यावरून मिरगी ठरवू नका.

दुसरी चूक चांगल्या मनानं होते: "अंग सैल सोड, लांब श्वास घे." इतर भीतीत हे कामी येतं, इथे मात्र उतरणारा रक्तदाब आणखी उतरू शकतो. उलट अंग आवळायचं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी 1980च्या दशकात ही पद्धत मांडली. बसून मुठी, दंड, पोट, मांड्या 10 ते 15 सेकंद घट्ट आवळा, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत. मग 20 ते 30 सेकंद नेहमीच्या स्थितीत या. पूर्ण ढिले पडू नका. असं पाच वेळा. श्वास रोखू नका, इथेच बहुतेकांचं चुकतं. घरी रोज सराव ठेवा; ऐन वेळी पहिल्यांदाच करायला गेलात तर जमणार नाही. सुई टोचताना तो हात मात्र सैल ठेवा, बाकी अंग आवळा.

सराव बसला की आधी 'रक्त' हा शब्द कागदावर लिहून वाचा, मग चित्र पाहा, मग दुसऱ्याची तपासणी. एक पायरी सोपी झाल्याशिवाय पुढची नको.

भोवळीच्या धाकानं तपासणीच टाळणं आपल्या भागात फार महाग पडतं. विदर्भात सिकलसेल हा आईबापाकडून पोरांत येणारा रक्ताचा आजार आहे, म्हणून लग्नाआधी दोघांचं रक्त तपासणं गरजेचं आहे. उपाशीपोटी, मे महिन्याच्या उन्हातून चालत जाऊन रांगेत उभं राहू नका. पाणी पिऊन जा. आशाताईला आणि रक्त घेणाऱ्याला आधीच सांगा, "मला भोवळ येते, निजवून रक्त घ्या." नंतर दहा मिनिटं पडून राहा.

काम करताना किंवा पळताना शुद्ध हरपली, छातीत दुखलं, धडधडलं, काहीच चाहूल न लागता पडलात, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ही साधी भोवळ धरू नका. डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्या. एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही तर 108 लावा.