अंगणाच्या कामासाठी गृहप्रदर्शन कसे पाहावे

सांगलीत घरबांधणी आणि गृहसजावटीची प्रदर्शने साधारणपणे दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, नेमिनाथनगरच्या कल्पद्रुम क्रीडांगणासारख्या मोकळ्या मैदानावर मांडव घालून भरतात. तेथे मांडलेली प्रत्येक फरशी कोरडी, पुसलेली आणि दिव्यांच्या झोतात चमकणारी असते. आपले अंगण, ओटा आणि पोर्च मात्र जून ते सप्टेंबर पाण्याखाली असतात, आणि त्यांची खरी परीक्षा त्या चार महिन्यांतच होते. म्हणून प्रदर्शनातील कोणत्याही वस्तूसमोर उभे राहिल्यावर ही वस्तू ओली झाल्यावर कशी वागेल, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात पसंत केलेली गुळगुळीत, संगमरवरासारखी दिसणारी टाइल आम्ही घरापुढच्या ओट्याला बसवली. विक्रेत्याने ती बाहेर चालेल असे सांगितले होते आणि आम्हीही अधिक विचारले नाही. पहिल्याच पावसात सासूबाई दूध घ्यायला दारात गेल्या आणि घसरून त्यांचे मनगट मोडले. ती टाइल पुढे उखडावी लागली.

प्रदर्शनाला जाण्यापूर्वी घरी अर्धा दिवस काढावा. टेपने अंगणाची लांबी-रुंदी मोजून वहीच्या पानावर साधा नकाशा काढावा आणि त्यात फाटक, तुळशीवृंदावन, नळ, चेंबर, झाडांची आळी आणि गाडी कोठे उभी राहते, हे सर्व दाखवावे. त्यानंतर गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी घेऊन घराचा उंबरा, अंगणाचा मध्य आणि रस्त्याकडची कडा यांची पातळी तपासावी. पाणी घराकडे न येता बाहेर वाहून जाण्यासाठी दर आठ फुटांना किमान एक इंच उतार हवा. तो मिळण्याजोगा नसेल तर आधी गटार किंवा जाळीची नाली योजावी लागते आणि त्या खर्चाचा विचार फरशी निवडण्याआधीच करावा लागतो. मोबाइलवर चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. सामासिक अंतरात, म्हणजे घर आणि कुंपण यांच्यामध्ये मोकळ्या सोडलेल्या जागेत, पत्र्याची किंवा पारदर्शक शीटची शेड टाकायची असेल, तर महानगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत परवानगीची चौकशी करूनच स्टॉलवाल्याशी बोलावे, कारण परवानगीची जबाबदारी तो घेत नाही.

सांगलीकरांनी आणखी एक नोंद करावी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, जेथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. त्या पुरात किंवा २०२१ च्या पुरात आपल्या अंगणात पाणी आले असेल, तर भिंतीवर ते कोठपर्यंत चढले होते ती उंची नकाशावर लिहून ठेवावी. त्या रेषेच्या खाली प्लायवूड किंवा एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे) काही घेऊ नये आणि बागेतल्या दिव्यांचे वीजजोड त्या रेषेच्या वर राहतील असेच काम ठरवावे.

शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जावे. रविवारी संध्याकाळी गर्दीत प्रश्न विचारता येत नाहीत. आपला गवंडी बरोबर आला तर त्याची त्या दिवसाची मजुरी देऊनही तो सौदा फायद्याचा ठरतो. पहिली फेरी काहीही न ठरवता केवळ पाहण्यासाठी करावी आणि दुसऱ्या फेरीत निवडक तीन-चार स्टॉलवरच थांबावे.

फरशीच्या दालनात जाताना पिशवीत पाण्याची बाटली आणि एक फडके असू द्यावे. पसंत पडलेला नमुना जमिनीवर ठेवायला सांगावा, त्यावर ओंजळभर पाणी ओतावे, चप्पल काढून त्याच्यावर पाय ठेवावा आणि टाच पुढेमागे सरकवून पाहावी. पाय सहज सरकला तर ती टाइल ओट्यासाठी नाही, मग रंग कितीही आवडलेला असो. चांगला विक्रेता याला हरकत घेत नाही. मी हे करते तेव्हा शेजारची माणसेही आपापल्या नमुन्यांवर पाणी मागून घेतात. याशिवाय घसरणरोधक दर्जा विचारावा: आर ९ ते आर १३ अशा श्रेणीत आकडा जितका मोठा तितकी पकड अधिक; उघड्या, ओल्या जागेसाठी किमान आर ११ मागावा. पाणी शोषण्याचे प्रमाणही खोक्यावर किंवा माहितीपत्रकात असते. काचेसारख्या घट्ट भाजलेल्या व्हिट्रिफाइड टाइलमध्ये ते ०.५ टक्क्याच्या आत असते, तर भिंतीसाठीच्या सिरॅमिक टाइलमध्ये १० टक्क्यांहून अधिक, आणि म्हणून भिंतीची टाइल कधीही अंगणात घालू नये.

नैसर्गिक दगडाकडे अवश्य वळावे. कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी शहाबादी फरशी आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, आणि पॉलिश न केलेल्या शहाबादीवर ओल्या पायाने चालताना जो भरवसा वाटतो तो मला अजून कोणत्याही टाइलवर वाटलेला नाही. तिचा आणि कोटा फरशीचा दगड चुनखडीचा असल्यामुळे ॲसिडने धुतल्यास पृष्ठभाग खराब होतो, हे मात्र घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे.

पेव्हर ब्लॉकच्या स्टॉलवर जाडी आणि दर्जा या दोन गोष्टी एकत्र विचाराव्यात. आयएस १५६५८ या भारतीय मानकानुसार केवळ पायी वावर असलेल्या जागेसाठी ५० मिलिमीटर जाडीचा एम ३० आणि हलक्या वाहनांसाठी ६० मिलिमीटर जाडीचा एम ३५ दर्जाचा ब्लॉक लागतो; ‘एम’पुढचा आकडा जितका मोठा तितके काँक्रीट मजबूत. चारचाकी अंगणात उभी राहणार असेल तर ६० मिलिमीटरचाच घ्यावा. रंगीत ब्लॉकचा एक तुकडा फोडून दाखवायला सांगावे आणि वरचा रंगीत थर किती खोल आहे, तो खालच्या काँक्रीटला घट्ट धरून आहे का, हे नखाने खरवडून पाहावे. ब्लॉकइतकाच महत्त्वाचा आहे तो त्याखालचा भराव. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट अंथरलेले ब्लॉक दोन पावसाळ्यांत वरखाली होतात. सुमारे फूटभर माती काढून मुरूम भरणे, पाणी मारून रोलर फिरवणे, वर कच (दगडाची बारीक भुकटी) पसरणे आणि कडेला कर्ब (ब्लॉक सरकू न देणारे काठाचे दगड) बसवणे, ही सर्व कामे दरात धरली आहेत का, असे स्पष्ट विचारावे. बहुतेक स्टॉलवरचा दर निव्वळ ब्लॉकचा असतो.

शेडसाठी पॉलिकार्बोनेट शीट पाहताना तिची कोणती बाजू अतिनील किरणरोधक आहे, हे विचारून घ्यावे. हा थर बहुधा एकाच बाजूला असतो, आणि फॅब्रिकेटरने ती बाजू खाली केली तर शीट थोड्याच वर्षांत पिवळी पडून ठिसूळ होते. स्टेनलेस स्टीलच्या कठड्यासाठी ३०४ दर्जा मागावा. विक्रेता चुंबक लावून दाखवेल, पण तो पुरावा मानू नये, कारण स्वस्त २०२ दर्जाही चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही. तपासणीच्या द्रावणाचा थेंब टाकून दाखवायला सांगावे आणि बिलावर दर्जा लिहून घ्यावा.

दर लिहून घेताना तो चौरस फुटाचा आहे की ब्रासचा (शंभर चौरस फुटांचा), जीएसटी धरून आहे की वेगळा, आणि वाहतूक, उतरवणी व फूटतूट कोणाकडे, हे प्रत्येक स्टॉलवर त्याच क्रमाने विचारावे. सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे त्याआधीचे जुने कोटेशन हाताशी असेल तर ते नव्याने मागावे.

‘आजच बुकिंग केले तर सूट’ असे सांगितले जाईल. आगाऊ रक्कम द्यावीच लागली तर ती लहान असावी आणि पावतीवर वस्तूचे नाव, क्रमांक, छटा, माप, दर, पोहोचवण्याची तारीख आणि विक्रेत्याचा कायमचा पत्ता असावा, कारण मांडव चार दिवसांत उतरतो. विक्रेता दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा परराज्यातला असला तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते; सुरुवातीला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी.

निघताना निवडलेल्या प्रत्येक फरशीचा एकेक तुकडा मागून आणावा. घरी ते अंगणात शेजारी शेजारी ठेवून सकाळच्या आणि दुपारच्या उन्हात पाहावेत, रोज त्यांच्यावर पाणी टाकावे, एखादा हळदीचा आणि तेलाचा डाग पाडून धुऊन पाहावा, आणि आठवडाभर घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला त्यांवरून चालायला सांगून त्यांना कोणता तुकडा बरा वाटतो ते विचारून मगच स्टॉलवाल्याला फोन करावा.