एकावर एक प्रिंट मारायला शिकताना : उद्यमबागेतली माझी पहिली दोन वर्षं

खानापूरला डीटीपीचा क्लास केला, कोरल ड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर बऱ्यापैकी यायला लागलं आणि बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका प्रिंटिंग युनिटला लागलो, तेव्हा मला वाटायचं डिझाइन आलं म्हणजे सगळं आलं, प्रिंट काय मशीनच मारतंय. आता निपाणी, चिकोडीकडून नवीन पोरं येतात त्यांचंही तेच असतं, म्हणून हे लिहितोय. विषय एकच, एका मटेरियलवर दोन-तीन जॉब (जॉब म्हणजे मशीनला छापायला दिलेली एक फाइल) एकमेकांच्या बरोब्बर डोक्यावर कसे बसवायचे.

साधा फ्लेक्स असला की एक फाइल, एक प्रिंट, विषय संपला. पण २०१६ ला कर्नाटकात प्लास्टिक फ्लेक्सवर बंदी आली, आणि आमच्याकडे तर आता ॲक्रिलिक, काच, एसीपी शीट (दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा पत्रा असलेली), पारदर्शक व्हिनाइल हीच कामं जास्त असतात. इथं अडचण अशी की सायन, मजेंटा, यलो, ब्लॅक या शाया मुळात पारदर्शक, काळ्या शीटवर लाल मारला तर दिसतच नाही, म्हणून त्याच्या पाठीमागं पांढरा लागतो. समोरून बघायचं असेल तर आधी पांढरा मग कलर. पारदर्शक ॲक्रिलिकच्या मागच्या बाजूला मारून पुढून बघायचं असेल तर फाइल मिरर, आधी कलर आणि त्यावर पांढरा. आतून लाइट लागणारा बोर्ड असेल तर कलर, पांढरा, परत कलर, म्हणजे दिवसा पण भरीव दिसतो आणि रात्री लाइट लावल्यावर फिका पडत नाही. हे तीन क्रम तोंडपाठ पाहिजेत, घाईत इथंच उलटं होतं.

माझं पहिलं नुकसान मात्र क्रमात झालं नाही. एका शाळेच्या गॅदरिंगची ४० स्मृतिचिन्हं होती, ३ एमएमचं ॲक्रिलिक, मागचं डिझाइन सगळ्यांना सारखं आणि नाव प्रत्येकाचं वेगळं, काही कन्नडात काही मराठीत. मी डिझाइनचा एक जॉब आधी सगळ्यावर मारून घेतला आणि नावांचा जॉब वेगळा केला, कल्पना बरोबरच होती, सारखं डिझाइन ४० वेळा रिप करण्यापेक्षा हे लवकर होतं (रिप म्हणजे फाइल मशीनला कळेल अशी करून देणारं सॉफ्टवेअर). पण नावाची फाइल काढताना फक्त नाव सिलेक्ट करून एक्स्पोर्ट केलं. रिपला काय कळणार की नाव पानाच्या मध्ये होतं, त्यानं नावाभोवतीची मोकळी जागा सोडून दिली आणि नाव नेऊन झिरो पॉइंटला, म्हणजे कोपऱ्यात बसवलं. मी तिकडं दुसऱ्या कामात, बघितलं तोपर्यंत सहा प्लेटा गेल्या होत्या. यूव्ही शाई मशीनच्या अतिनील लाइटखाली लगेच घट्ट होते, खरवडून काढली तर ॲक्रिलिकवर ओरखडे राहतात, त्यामुळं त्या सहा गेल्याच. आमचे अण्णा, जे मशीन चालवायचे, ते आले, "काय करूलालास रे" एवढंच म्हणाले आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. त्या दिवशी त्यांनी जे दाखवलं ते मी आजतागायत सोडलेलं नाही.

एकावर एक बसणाऱ्या सगळ्या फायलींचं पान एकच मापाचं ठेवायचं, आणि प्रत्येक फाइलीत डाव्या वरच्या आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका टाकायचा, अगदी फिका, कटिंगमध्ये जाईल असा. ठिपका आहे म्हटल्यावर रिप कडेची मोकळी जागा कापू शकत नाही, सगळ्या फायलींची चौकट तीच राहते आणि झिरोपासूनचं अंतर पण तेच. मग रिप वर्सावर्क्स असो, ऑनिक्स असो की अजून काही, फरक पडत नाही. मिमाकी मशीनच्या रास्टरलिंक रिपमध्ये कम्पोझिशन म्हणून दोन जॉब एकमेकांवर ठेवायची सोयच आहे, पण तिथंसुद्धा मापं सारखी असली तरच डोकं शांत राहतं.

पांढरा वेगळा जॉब न करता त्याच फाइलीत द्यायचा असेल तर तो स्पॉट कलर म्हणून, म्हणजे वेगळं नाव दिलेला स्वतंत्र रंग म्हणून द्यावा लागतो आणि नाव रिपला पाहिजे तेच. रोलँडच्या मशीनला आरडीजी, अंडरस्कोर, व्हाइट, इंग्रजी कॅपिटलमध्ये, स्पेलिंग चुकलं की पांढऱ्याऐवजी भलताच रंग उमटतो. आणि त्या स्पॉटला ओव्हरप्रिंट लावायला विसरू नका, नाहीतर पांढरा खालचा कलर कापून टाकतो.

पांढरा कलरपेक्षा दोन-तीन पिक्सेल आत घ्यायचा, त्याला चोक म्हणतात, नाहीतर अक्षराच्या कडेनं पांढरी रेघ डोकावते. दुकानाच्या बोर्डावर ६० टक्के कन्नड पाहिजे हा नियम आल्यापासून एकाच बोर्डावर मोठं कन्नड आणि खाली बारीक मराठी असं खूप येतं, तर बारीक अक्षरांना चोक कमी ठेवा, नाहीतर काना-वेलांटीच्या मागचा पांढरा जवळजवळ नाहीसा होतो आणि अक्षर मळकट दिसतं. फॉन्ट आधी कर्व्ह करून घ्या, म्हणजे अक्षरांचे आकार करून घ्या, हे वेगळं सांगायला नको.

फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट टेबलाच्या मशीनवर, मटेरियल जागेवर राहतं म्हणून काम सोपं, आम्ही सनबोर्डाचा (फोमच्या शीटचा) एल आकाराचा स्टॉपर टेबलाला चिकटवतो आणि प्लेट त्याला टेकवतो. रोलवर मात्र एकदा मारून, मागं गुंडाळून परत मारायचं म्हणजे परीक्षा असते. हीटरनं व्हिनाइल ताणतं, आणि पहिला जॉब चार पासला आणि दुसरा आठ पासला मारला (पास म्हणजे शाई मारणारं हेड एकाच जागेवरून किती वेळा फिरतं ते) तर फीडमधला बारीक फरक लांबीत दिसतो, दोन मीटरवर अक्षर सरकलेलं कळतं. दोन्ही जॉब एकाच पासला, एकाच तापमानाला आणि हेड एकाच दिशेनं मारेल असं ठेवून करा, वेळ जाईल पण जुळेल. जास्त लांबीचा असेल तर मी रोलवर दोनदा मारतच नाही, एकाच फाइलीत लेयर देतो. पावसाळ्यात रोल आदल्या दिवशी मशीनच्या खोलीत आणून ठेवा, इकडची दमट हवा पेपर-कॅनव्हासला फुगवते. आणि यूपीएस तपासा, मध्येच करंट गेला तर अर्धवट लेयर परत त्याच जागी जुळवणं फार अवघड.

पहिला तुकडा नेहमी टाकाऊवर मारा. मी आधी पारदर्शक फिल्मवर दुसरा जॉब मारून तो पहिल्यावर ठेवून बघतो, पाच मिनिटांचं काम आहे.

पांढरी शाई जड असते, त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड खाली बसतं. रविवारी मशीन बंद राहिलं तर सोमवारी आल्या आल्या शाईचं काडतूस हलवायचं, सर्क्युलेशन चालू करायचं, नोझल (शाईची बारीक छिद्रं) चेक मारायचा आणि पांढऱ्याच्या रेघा काळ्या कागदावर बघायच्या, पांढऱ्या कागदावर तुटलेली नोझल दिसत नाही.