उत्तरपत्रिका तपासताना एका वेळी एकच प्रश्न
वर्गातील 40 उत्तरपत्रिका तपासायच्या असतील, तर एकेक उत्तरपत्रिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तपासण्याऐवजी सर्व विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न आधी तपासावा आणि मगच दुसऱ्याकडे वळावे. व्याकरणावरून निबंधाकडे आणि निबंधावरून पुन्हा व्याकरणाकडे जाताना गुणदानाचे निकष दर वेळी नव्याने आठवावे लागतात. एकच प्रश्न सलग तपासला, की अपेक्षित उत्तर मनात पक्के राहते, हात भरभर चालतो आणि, माझ्या मते वेगापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे, पहिल्या व शेवटच्या मुलाला एकाच मापाने गुण मिळतात. सुरुवातीला चार-पाच उत्तरे गुण न देता नुसती वाचावीत, म्हणजे वर्गाची पातळी कळते. पुढच्या प्रश्नाच्या वेळी गठ्ठा उलट्या क्रमाने घ्यावा, कारण दमलेल्या नजरेचा फटका दर वेळी त्याच मुलांना बसता कामा नये. निबंध सकाळी, ताज्या मनाने तपासावेत. रिकाम्या जागा आणि जोड्या संध्याकाळीही चालतात.

बेरीज आणि गुणपत्रकातील नोंदी मात्र सगळा गठ्ठा संपल्यावर एकाच बैठकीत कराव्यात. त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, कारण नोंदीतली एक ओळ चुकली, तर खालच्या सगळ्या मुलांचे गुण सरकतात.