मायग्रेशन बघायला निघालात? या चुका टाळा

मायग्रेशन म्हणजे पूर्व आफ्रिकेत विल्डबीस्ट (हरणांच्या जवळचे, शिंगं असलेले मोठे गवतखाऊ प्राणी) आणि झेब्र्यांच्या कळपांचं चाऱ्यासाठी चालणारं स्थलांतर. ते बघायला जाताना सर्वांत महागात पडणारी चूक घरी बसूनच होते. ऑगस्टमध्ये सुट्टी मिळते आणि लोक सेरोनेरात, म्हणजे टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या मध्यभागी, सगळ्या रात्री बुक करून मोकळे होतात. तिथे सिंह-बिबटे दिसतील, पण मोठे कळप तेव्हा बहुतेक उत्तरेला असतात. सेरेंगेटी १४,७६३ चौरस किलोमीटरची आहे आणि दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट त्यात आणि आसपास पावसामागे वर्षभर फिरत असतात. जानेवारीअखेर ते मार्च दक्षिणेला एन्दुतूच्या आखूड गवतात पिल्लं जन्मतात. मे-जूनमध्ये पश्चिमेला ग्रुमेती, जुलैअखेर ते ऑक्टोबर उत्तरेला कोगातेंडे आणि सीमेपलीकडे केनियातलं मसाई मारा. पाऊस पुढेमागे झाला की हेही सरकतं. म्हणून आधी महिना ठरवा, मग त्या भागातला कॅम्प, आणि तिथे किमान तीन रात्री. एका रात्रीचं पॅकेज कितीही स्वस्त असो, मी कुणाला सुचवत नाही.

दुसरी चूक मारा नदीवरची, आणि तिचा मला मनापासून राग येतो. कोगातेंड्याला आम्ही सकाळपासून झुडपांआड थांबलो होतो. समोरच्या काठावर कळप दाटत चालला होता. पुढचे झेब्रे पाण्यापर्यंत यायचे, बिचकायचे, मागे फिरायचे. पहिली जनावरं पाण्यात उतरेपर्यंत गाड्यांनी मागेच राहायचं असतं. तेवढ्यात एक गाडी सुसाट निघाली आणि कळप जिथून वर चढणार, नेमक्या त्याच उतारावर जाऊन उभी राहिली. आतले प्रवासी फोटोसाठी चालकाला घाई करत होते. झेब्रे वळले, त्यांच्यामागे सगळा कळप वळला आणि धुळीत दिसेनासा झाला. आमचा दिवस गेला ते सोडा, चाऱ्यासाठी निघालेल्या जनावरांची वाट अडवण्याचा हक्क कुणालाही नाही. चालक बहुतेक वेळा टिप जाईल या भीतीने नियम मोडतात. म्हणून मी पहिल्याच सकाळी सांगून ठेवते: पुढची जागा नको, क्रॉसिंग, म्हणजे कळपाचं नदी ओलांडणं, नाही दिसलं तरी चालेल, टिप कमी होणार नाही.

गडद निळे-काळे कपडे नकोत, चावणाऱ्या त्से-त्से माश्या त्यांवर धावून येतात. छोट्या विमानात साधारण पंधरा किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत. पहाटे थंडी असते, जाकीट हवंच. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. प्रमाणपत्राशिवाय केनियाहून परतलात तर भारतात विलगीकरणात राहावं लागू शकतं.