नोटा नाशिकरोडलाच ठेवा

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात. युरोपातल्या पहिल्या बँकनोटा १६६१ साली स्टॉकहोममध्ये निघाल्या. एवढा वारसा दोन्हीकडे असूनही नाशिकच्या सातपूर-अंबडहून स्वीडनला आलेल्या माणसाची पहिली फजिती नोटेवरूनच होते. कॉफीच्या दुकानात शंभर क्रोनाची करकरीत नोट पुढे केली की काउंटरवरची मुलगी हसते आणि दारावरच्या पाटीकडे बोट दाखवते. पाटीवर 'कोन्तान्तफ्रीत' असतं, नाहीतर 'एन्दास्त कॉर्ट'. म्हणजे रोकड बंद, फक्त कार्ड. तिथे हुज्जत घालू नका. क्रोना कायदेशीर चलन आहे, पण दुकानदाराने आधी पाटी लावली असेल तर नोट नाकारायची त्याला मुभा आहे. बसचा ड्रायव्हर रोकड घेत नाही. स्टेशनवरच्या शौचालयाचं दारसुद्धा कार्ड टेकवल्यावर उघडतं.

तेव्हा येताना पाचशे ते हजार क्रोना पुरे, तेही शंभर-दोनशेच्या नोटांत. आपल्याकडे आई-वडील प्रेमाने जाड पाकीट खिशात कोंबतात. ते इथे खपवणं अवघड. बँकांच्या बहुतेक शाखा रोकड हाताळतच नाहीत. पैसे भरायचं मशीन असतं, पण त्याला इथल्या बँकेचं कार्ड लागतं, आणि तेच तुमच्याकडे नसतं. शिवाय पैसे आले कुठून, हा प्रश्न बँक विचारतेच. कुणा काकांनी जुन्या स्वीडन दौऱ्यातल्या उरलेल्या नोटा दिल्या तर आधी नोटेवरचा चेहरा बघा. २०१५ ते २०१७ मध्ये सगळ्या नोटा बदलल्या. शंभराच्या नव्या नोटेवर ग्रेटा गार्बो आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस दिसला तर ती नोट कुठल्याच दुकानात चालणार नाही.

रोकडीऐवजी दोन कार्डं आणा. दोन वेगळ्या बँकांची, एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड. रुपेच्या भरवशावर राहू नका. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी सुरू असतं. परदेशी वापर, टॅप आणि ऑनलाइन ही तीन बटणं बँकेच्या ॲपमध्ये वेगवेगळी असतात. ती निघण्याआधी घरी बसून सुरू करा, मर्यादाही तपासा. पिन पाठ करा. इथे साधारण ४०० क्रोनांपर्यंत नुसतं टॅप चालतं, त्यावर मशीन पिन मागतं. भारतातला नंबर चालू ठेवा आणि एसएमएससाठी रोमिंग सुरू करून घ्या, नाहीतर ऑनलाइन तिकीट काढताना ओटीपी नाशिकमध्ये ड्रॉवरात पडलेल्या सिमवर जाईल. फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकी चलन आधीच भरून ठेवलेलं कार्ड, घेणार असाल तर त्यात क्रोनाचा कप्पा आहे का ते विचारा. युरो भरून आणलेत तर प्रत्येक खरेदीला एक रूपांतर वाढतं. आणि मशीनने 'रुपयांत की क्रोनात?' असं विचारलं तर क्रोनाच निवडा. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण तो दर मशीनवाल्याच्या सोयीचा असतो.

आता खरी अडचण. आपल्याकडे मेनरोडच्या टपरीवर क्यूआर असतो, स्पीकर बोलतो, आणि नेट गेलं तर दहाची नोट आहेच. इथे त्या क्यूआरच्या जागी 'स्विश' आहे. २०१२ साली बँकांनी एकत्र येऊन काढलेलं ॲप. जुना बाजार, शाळेतल्या केकची विक्री, गणपतीची वर्गणी, सगळं त्यावर. पण नुसत्या सिम आणि खात्यावर ते मिळत नाही. त्यामागे साखळी आहे, आणि एक कडी अडली की पुढचं सगळं अडतं. आधी टॅक्स ऑफिसात, म्हणजे स्काटेवेर्केटमध्ये, नोंदणी. मग पर्सनल नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक. मग त्यांचंच ओळखपत्र. त्यासाठी ते तिथेच फोटो काढतात आणि तुमची उंचीही मोजतात. मग बँकेत पूर्ण खातं. मग बँकेकडून मोबाइल बँकआयडी, म्हणजे फोनवरची डिजिटल ओळख. सगळ्यात शेवटी स्विश. दीड-दोन महिने सहज जातात. तोवर तुम्ही भारतीय कार्डावर असता, म्हणून वर दोन कार्डं म्हटलं.

पर्सनल नंबरचं पत्र टपालाने येतं. पत्रपेटीवर किंवा दारावर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन ते परत नेतो. कुणाच्या घरी पोटभाडेकरू असाल तर पहिल्याच दिवशी चिठ्ठी चिकटवा. बायको-मुलं बरोबर असतील तर विवाहाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले मूळ प्रतीत, अपॉस्टिल (परदेशात चालणारा सरकारी प्रमाणशिक्का) करून आणा. झेरॉक्स घेऊन गेलात तर परत पाठवतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक याच्याही आधी, नाशिकमध्येच होते, आणि दरवर्षी कुणीतरी करतंच. पर्सनल नंबर किमान एक वर्ष राहणाऱ्यालाच मिळतो, आणि टॅक्स ऑफिस त्यासाठी इथे राहण्या-काम करण्याच्या परमिटवरची मुदत बघतं. परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. म्हणजे कंपनीचं नेमणुकीचं पत्र दोन वर्षांचं असलं, पण पासपोर्ट दहा महिन्यांत संपत असेल, तर परमिट दहा महिन्यांचंच. मग पर्सनल नंबर नाही, बँकआयडी नाही, स्विश नाही, आणि प्रत्येक घरमालकासमोर तुम्ही पाहुणे. पासपोर्टची पुस्तकं छापतात नाशिकरोडलाच, आणि तिथलीच माणसं शेवटची तारीख न बघता अर्ज करतात! परमिटच्या अर्जाआधी पासपोर्ट नवा करून घ्या. पत्रात अकरा महिने लिहिले असतील तर एचआरकडून बदलून घ्या. 'नंतर वाढवू' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. एचआरला गैरसोय नाही, तुम्हाला आहे.

मधल्या काळात आपली मंडळी मदत करतात. वर्गणी कुणीतरी भरतं, तुम्ही नंतर देता. चालतं. पण आठवणीने द्या. इथे हिशेब क्रोनाच्या क्रोनात चुकता करतात, आणि जुने मराठी लोक याबाबतीत स्वीडिश लोकांपेक्षा कडक झालेत. दुसऱ्याचा बँकआयडी मात्र मागू नका आणि स्वतःचा देऊ नका. ती तुमची सही आहे. बँकेतून किंवा पोलिसांतून बोलतोय असं सांगून फोनवर 'बँकआयडी उघडा' म्हणणारा भामटाच समजा, इंग्रजी कितीही गोड असो. ओटीपी न सांगण्याची सवय असलेली हुशार माणसंही इथे फसतात, कारण सांगायचा आकडाच नसतो, फक्त स्वतःचा कोड दाबायचा असतो. स्विशवर गेलेले पैसे परत ओढता येत नाहीत. संस्थांचे स्विश नंबर बहुधा १२३ ने सुरू होतात. मराठी मंडळाच्या नावाने कुणाचा खासगी नंबर आला तर खजिनदाराला विचारून मगच पाठवा.

एवढं सगळं कार्डावर चालवून नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने घरोघरी पुस्तिका पाठवली आणि त्यात सांगितलं की आठवडाभर पुरेल एवढी रोकड घरी ठेवा, लहानमोठ्या नोटांत. यात विनोद आहेच, पण कारणही आहे. जुलै २०२१ मध्ये सायबर हल्ल्याने एका किराणा साखळीची सुमारे ८०० दुकानं बंद पडली होती. तेव्हा गल्लेच बंद होते, म्हणून खिशातली नोटही कामाला आली नसती. तरीही डब्यात थोडी रोकड असू द्या. पाच-दहाचं एखादं नाणं जॅकेटच्या खिशात कायम ठेवा. काही सुपरमार्केटच्या ट्रॉलीची साखळी अजून नाणं घातल्याशिवाय सुटत नाही.