जिनिव्हाला तक्रार पाठवण्याआधी देशातील उपाय कसे संपवावेत

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्याकडे वनपट्ट्याचा (कसत असलेल्या वनजमिनीवरील हक्काचा) दावा फेटाळला गेला, की "आता थेट संयुक्त राष्ट्रांनाच लिहू" असे कोणीतरी म्हणतेच. लिहिता येते, मात्र देशातील उपाय, म्हणजे अपील, याचिका असे दाद मागण्याचे मार्ग, वापरून संपले आहेत, हे तक्रारदाराने कागदोपत्री दाखवावे लागते. सरकारला स्वतःची चूक स्वतःच्या यंत्रणेतून दुरुस्त करण्याची संधी आधी मिळावी, हा या नियमामागील विचार आहे.

प्रथम कोणते दार उघडे आहे ते पाहावे. संयुक्त राष्ट्रांचा नागरी व राजकीय हक्कांचा करार भारताने १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारला; परंतु व्यक्तिगत तक्रारीची वाट देणारा त्याचा ऐच्छिक पूरक करार (ऑप्शनल प्रोटोकॉल) स्वीकारलेला नाही, त्यामुळे त्या करारावरील समितीकडे एकट्या दावेदाराला जाता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातील मानवाधिकार परिषदेची २००७ ची तक्रार-पद्धत मात्र सर्व देशांना लागू आहे. तेथे उपाय संपवण्याची अट आहेच, शिवाय गंभीर उल्लंघनांचा सातत्याने चालत आलेला प्रकार दाखवावा लागतो. म्हणून एका शेताच्या तुकड्याची तक्रार तेथे टिकणार नाही, अनेक गावांची एकत्रित मांडणी करावी लागेल.

वनहक्क कायदा, २००६ खाली ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे अपील करता येते. दोन्ही वेळा मुदत ६० दिवसांची आहे. नंदुरबारच्या अनुसूचित क्षेत्रात त्यापुढे विभागीय समितीकडेही दाद मागता येते. स्वतःच्या हलगर्जीमुळे मुदत गेली, तर तो उपाय "संपवला" असे कोणताही आंतरराष्ट्रीय मंच मानत नाही, हे बहुतेकांना उशिरा कळते. दावा फेटाळल्याची कारणे लेखी मागून घ्यावीत, कारण ती हाती असल्याशिवाय पुढचे अपील नेमके कशाविरुद्ध करायचे हेच ठरत नाही.

जिल्हास्तरीय समितीचा निर्णय मूळ कायद्याने "अंतिम" म्हटला असला, तरी त्याने राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालील उच्च न्यायालयाचा अधिकार जात नाही. महसुली कामाला नंदुरबारसह खान्देश नाशिक विभागात मोडत असला, तरी रिट याचिका छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात दाखल करावी लागते. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. याचिकेत केवळ सर्व्हे क्रमांक आणि क्षेत्रफळ न मांडता उपजीविकेचा हक्क, समान वागणूक आणि सुनावणी नाकारल्याचा मुद्दा पहिल्याच दिवशी लिहावा. जो मुद्दा देशातील न्यायालयापुढे कधी मांडलाच नाही, तो जिनिव्हात प्रथमच काढला, तर उपाय संपले नाहीत हे उत्तर ठरलेले असते. उच्च न्यायालयानंतर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका राहते. राष्ट्रीय किंवा राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचे असल्यास हक्कभंग घडल्यापासून एका वर्षाच्या आत जावे.

माझ्या मते या साऱ्या प्रवासात सर्वांत मोलाचा कागद म्हणजे पोच. "साहेबांना सांगतो" असे तलाठ्याने किंवा वनरक्षकाने दिलेले तोंडी आश्वासन कोठेही गणले जात नाही. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घ्यावी, ती नाकारल्यास अर्ज रजिस्टर टपालाने पाठवावा आणि निकालाची प्रमाणित नक्कल काढून फायलीत तारखेच्या क्रमाने लावावी. उत्तर आले नसेल, तर माहिती अधिकाराखाली फायलीची स्थिती विचारावी, कारण मिळालेल्या उत्तरातून विलंब सिद्ध होतो.

विलंबाला महत्त्व आहे, कारण उपाय परिणामशून्य असेल किंवा अवाजवी लांबला असेल, तर तो संपवण्याची अट सुटते. अर्थात "सरकारी काम आणि सहा महिने थांब" एवढ्यावर हा अपवाद मिळत नाही, आणि न्याय मिळणारच नाही ही नुसती शंकाही पुरत नाही. किती तारखा पडल्या, कोणी मागितल्या आणि स्मरणपत्रे केव्हा दिली, हे दाखवावे लागते.

घर पाडण्याची किंवा अटकेची तातडीची भीती असेल, तर विशेष प्रतिवेदकांकडे (एकेका हक्काच्या विषयासाठी परिषदेने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांकडे) उपाय संपण्याची वाट न पाहता लिहिता येते. मात्र एखादे प्रकरण त्यांच्याकडे आधीच हाताळले जात असेल, तर परिषदेची तक्रार-पद्धत ते सहसा स्वीकारत नाही. म्हणून आधी कोणाला लिहायचे, हे वकिलासोबत बसून ठरवावे. परिषदेला पाठवायची तक्रार निनावी नसावी, केवळ वर्तमानपत्रांच्या कात्रणांवर उभी नसावी आणि तिची भाषा शिवराळ नसावी. नाव सरकारला कळू नये अशी विनंती तक्रारीतच करता येते.